एवढं तर कळायलाच हवं होतं!

इंदुरात पाहुण्याची खरी परीक्षा होते ती कचऱ्याच्या डब्यापाशी. भाचीनं बाळाचा डायपर भाजीच्या देठांवर टाकला, की रामबागेतल्या मावशी तो मुकाट्यानं उचलून वेगळ्या डब्यात टाकतात. बोलत काही नाहीत, पण झाकण जरा जोरात आपटतं. भाची गेल्यावर मग सुरू : "एवढी इंजिनियर, आणि एवढंही कळू नये?"

चूक मिनिटभरात निस्तरली, तरी राग का? तोच डायपर चार वर्षांच्या नातवानं टाकला असता तर मावशी हसल्या असत्या. अज्ञान दोघांचं सारखंच. भाचीच्या बाबतीत मात्र "हिला कळू शकलं असतं, हिनंच लक्ष दिलं नाही" असा निकाल मावशींच्या मनानं परस्पर देऊन टाकलेला असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांनी १९८० मध्ये नेमकं हेच तपासलं. वर्गमित्र नोट्स मागतोय. कारण डोळ्यांचं दुखणं असेल तर ऐकणाऱ्याला कणव येते. तास बुडवून समुद्रावर गेला होता म्हटलं, की राग येतो आणि मदतीचा हात आखडतो.

पण समोरच्याला कळू शकलं असतं, हे आपण ठरवतो कशावरून? इथं मेंदू जरा लबाडी करतो. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये विद्यार्थ्यांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकिगत वाचायला दिली. काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना गुरखे, काहींना कोणीच नाही. मग विचारलं, शेवट ठाऊक नसता तर तुम्हाला काय होईलसं वाटलं असतं? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच जास्त संभवनीय वाटत होता. एकदा कळलेली गोष्ट वजा करून विचार करणं आपल्याला जमत नाही. कळण्याआधीचे आपण कसे होतो, ते आठवतच नाही.

इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं ते २०१७ मध्ये. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकण्याची सवय त्याच काळातली. त्याआधी याच मावशींच्या घरचं सगळं एका बादलीत जात होतं. आज मात्र ते ज्ञान जन्मजात असल्यासारखं वाटतं.

राग दरवेळी चुकीचाच असतो असं मी म्हणणार नाही. तीनदा सांगूनही जो ट्यूबलाइट ओल्या कचऱ्यात कोंबतो, त्याच्यावर चिडायला हरकत नाही. ते अज्ञान नव्हे, बेपर्वाई.

गंमत म्हणजे, कळलेली गोष्ट आधीपासूनच उघड होती, या भ्रमाची आधी कल्पना दिली तरी लोक त्यात सापडतातच, असं फिशहॉफ यांना पुढे आढळलं. सहकारी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांच्याबरोबरच्या १९७७ च्या प्रयोगांत थोडा फरक पडला तो दुसऱ्याच एका उपायानं : उलट निकाल लागला असता तर तो का लागला असता, याची कारणं लोकांना द्यायला लावली तेव्हा.