डॅन्यूबच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना: कोणता काठ कुठे धरायचा

सहलीचे बुकिंग झालेल्यांसाठी माहितीपत्रक

जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतची सायकलवाट साधारण ३२० किलोमीटरची आहे. आम्ही तिचे सात टप्पे केले आहेत. "वाट पूर्ण मोटारमुक्त आहे ना?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो. बऱ्याच अंशी आहे, पण एकच काठ धरून शेवटपर्यंत गेलात तर नाही.

कारण जुने आहे. पूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या बोटी काठावरून घोडे ओढत. त्या घोड्यांसाठी पाण्यालगत केलेल्या वाटेला तिथे 'ट्रेपेलवेग' म्हणतात, आणि आजची सायकलवाट बऱ्याच ठिकाणी तिच्यावरूनच जाते. म्हणून ती सपाट आहे. पण जिथे दरी अरुंद होते आणि डोंगर थेट पाण्यात उतरतो, तिथे एका काठाची जागा हमरस्त्याने घेतली आहे. अशा ठिकाणी नदी ओलांडून दुसरा काठ धरायचा, एवढेच या सहलीचे कौशल्य. या पत्रकात डावा काठ म्हणजे प्रवाहाच्या दिशेने तोंड केल्यावर डाव्या हाताचा, म्हणजे उत्तरेचा.

काठावर जहाजांसाठी किलोमीटरचे आकडे लावलेले दिसतील. ते नदीच्या मुखापासून मोजलेले असल्यामुळे पुढे जाल तसे कमी होतात: पासाऊ सुमारे २२२६, लिंझ २१३५, ग्राइन २०७९, मेल्क २०३६, क्रेम्स २००३, व्हिएन्ना १९२९. फोनची बॅटरी संपली तरी आपण कुठे आहोत हे यावरून कळते. सायकलचे अंतर याहून थोडे जास्त भरते.

निघण्याआधी: ब्रेक

बाकी काही वाचले नाही तरी चालेल, हा भाग वाचा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. तिथल्या सायकलींना पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. घाबरून सवयीने डावा ब्रेक करकचून दाबला की पुढचे चाक अडते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. शिवाय काही सायकलींना तिसरा ब्रेक असतो: पॅडल उलटे फिरवले की मागचे चाक थांबते. सिग्नलला उभे असताना पॅडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणायची सवय असेल, तर या सायकलवर ते जमत नाही. सीट धरून मागचे चाक किंचित उचला आणि पॅडल पुढे फिरवून जागेवर आणा. पहिल्या सकाळी हॉटेलच्या आवारात दहा मिनिटे फक्त थांबण्याचा सराव करा.

वाहतूक उजवीकडून. सरळ वाटेवर हे लक्षात राहते. चूक होते ती चहाकॉफीसाठी थांबून पुन्हा निघताना, कारण रिकाम्या वाटेवर पाय आपसूक डावीकडे वळतात.

सीटची उंची अशी ठेवा: सीटवर बसून टाच पॅडलवर टेकवली आणि पॅडल सगळ्यात खाली असले, तर पाय सरळ व्हायला हवा. सीट बुटकी ठेवली तर दुसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात. जाण्याआधीच्या दोन महिन्यांत निदान तीन वेळा लागोपाठ दोन दिवस ४० किलोमीटर चालवून बघा. एका दिवसाच्या सरावाने दम कळतो, बैठकीचे दुखणे दुसऱ्या दिवशी कळते.

"उताराचा रस्ता आहे" या जाहिरातीवर विसंबू नका. पासाऊ समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, व्हिएन्ना सुमारे १६० मीटरवर. एवढा उतार ३२० किलोमीटरमध्ये पसरला तर पायाला जाणवतसुद्धा नाही. खरी मदत वाऱ्याची होते. तो बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, म्हणून आम्ही सहल पासाऊहूनच सुरू करतो.

पासाऊ ते लिंझ

पासाऊत डॅन्यूबला इन आणि इल्झ या दोन नद्या मिळतात. पहिल्या वीसेक किलोमीटरला दोन्ही काठांना मोटाररस्त्याच्या सोबतीने जावे लागते. सायकलची पट्टी वेगळी आहे, आवाज मात्र आहे. योखेनश्टाइनच्या वीजधरणापासून डावा काठ धरा. तिथून नीडररान्नापर्यंत मोटारी जवळपास नाहीत. पुढे आउपर्यंतही शांतता आहे.

आउला वाट संपते. इथे नदी खडकाला वळसा घालून जवळजवळ उलट दिशेला फिरते; या वळणाला श्ल्योगेनची 'श्लिंगे' म्हणतात. आतल्या बाजूला पायवाट आहे, पण सामान लादलेल्या सायकलीची नाही. नकाशाच्या अॅपवर रेघ दिसते म्हणून तिथे शिरू नका. आउहून छोट्या बोटीने समोर श्ल्योगेनला या आणि उजव्या काठाने इन्झेलवरून आशाखपर्यंत जा. हा पट्टा सहलीतला सर्वांत शांत आहे, म्हणून इथे घाई करू नका. श्ल्योगेनला सायकलीला कुलूप लावून वर चढलात तर पाऊण तासाच्या आत वळणाचा पूर्ण देखावा दिसतो. चढ उभा आहे, चपला घालून जाऊ नये.

ओटेन्सहाइम ते लिंझ हा तुकडा हमरस्ता आणि रेल्वे यांच्या शेजारून जातो. मुकाट्याने उरकून टाकावा.

लिंझ ते मेल्क

लिंझहून डावा काठ. माउटहाउझेनच्या वर टेकडीवर नाझी छळछावणीचे स्मारक आहे. ती छावणी ५ मे १९४५ रोजी मुक्त झाली. चढ तीव्र आहे, बरेच जण सायकल ढकलत नेतात. जायचे असेल तर त्या दिवसातले निदान तीन तास त्यासाठी बाजूला ठेवा आणि उरलेल्या अंतराचा हिशेब सकाळीच करा.

ग्राइनपाशी पुन्हा काठ बदला. गाव डाव्या काठावर आहे, पण पुढच्या श्ट्रुडेनगाउ या अरुंद दरीत डाव्या काठाला हमरस्ता आहे. उजव्या काठाची जुनी वाट झाडीतून जाते आणि तिथे मोटारी तुरळक असतात. ग्राइनला हंगामात सायकलींसाठी बोट असते. ती बंद असेल तर गावाच्या थोडे अलीकडे, वरच्या अंगाला पूल आहे. गावात मुक्काम करून सकाळी सरळ पुढे निघणारे हमखास चुकतात आणि ट्रकांच्या शेजारून इब्सपर्यंत जातात.

वाखाउ: मेल्क ते क्रेम्स

ही दरी २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. अंतर चाळीस किलोमीटरच्या आत आहे, पण आम्ही पूर्ण दिवस ठेवतो. प्रसिद्ध गावे डाव्या काठावर, आणि गर्दीही तिथेच. आमचा सल्ला असा: मेल्कचा मठ सकाळी पाहून उजव्या काठाने निघा, आगश्टाइनच्या भग्न किल्ल्याखालून जर्दाळूच्या बागांमधून आर्न्सडोर्फपर्यंत जा आणि तिथे बोटीने श्पित्सला उतरा. पुढे द्राक्षमळ्यांतून वाइसेनकिर्शेन, मग ड्युर्नश्टाइन. इथल्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२च्या अखेरीस कैदेत होता.

या मार्गात विलेन्डोर्फ सुटते. १९०८ साली तिथे सापडलेली अश्मयुगीन स्त्रीमूर्ती, जेमतेम अकरा सेंटिमीटरची, व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. मूळ मूर्ती तिथेच बघायला मिळते, त्यामुळे फार हळहळू नका.

जर्दाळूला तिथे 'मारिले' म्हणतात. बहर मार्चअखेर ते एप्रिल, फळे जुलैत.

श्पित्सची बोट इंजिनाने चालत नाही. नदीवर आडवी तार बांधलेली असते, बोट तिला अडकवलेली असते आणि सुकाणू तिरपे केले की प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. म्हणूनच पाणी फार चढले की ती बंद होते. मोठ्या पुरात सायकलवाटही पाण्याखाली जाते. पाटीवर 'गेश्पेर्ट' लिहिले असेल तर वाट बंद, 'उमलाइटुंग' म्हणजे वळसा. बंद पाटी ओलांडून 'बघू तर खरं' करू नका. पूर ओसरला तरी वाटेवर गाळ राहतो आणि त्यावर टायर साबणासारखा घसरतो. छोट्या बोटी एप्रिलअखेर ते ऑक्टोबर या हंगामातच भरवशाच्या, आणि संध्याकाळी लवकर थांबतात. भाडे रोख द्यायला सुटे युरो जवळ ठेवा.

क्रेम्स ते व्हिएन्ना

दरी संपते, मैदान लागते. उजव्या काठावर त्स्वेन्टेनडोर्फचे अणुवीज केंद्र दिसेल: पूर्ण बांधून झाल्यावर १९७८च्या सार्वमतात लोकांनी नकार दिला आणि ते कधीच सुरू झाले नाही. शेवटी २१ किलोमीटर लांबीच्या डोनाउइन्झेल या बेटावरून शहरात शिरा. त्यावर मोटारी नाहीत, पण रविवारी सगळे शहर तिथे असते.

पंक्चर, सामान, जेवण

बहुतेक पंक्चर काट्याने होत नाहीत. हवा कमी असताना फुटपाथच्या कडेवर चाक आदळते, ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. टायरच्या बाजूवर छापलेला दाब बघून दर दोन दिवसांनी हवा भरा. प्रत्येक सायकलीसोबत एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच आणि पंप देतो. इ-बाईकचे मोटरचे बळ ताशी २५ किलोमीटरला थांबते. ती सुमारे पंचवीस किलोची असते, बोटीत चढवताना दोघे लागतात.

मोठी बॅग, जास्तीत जास्त २० किलो, सकाळी नऊच्या आत हॉटेलच्या रिसेप्शनला. पासपोर्ट, औषधे आणि रेनकोट त्या बॅगेत टाकू नका. ते सायकलीवरच्या पिशवीत हवेत.

रविवारी दुकाने बंद असतात, शनिवारी संध्याकाळीच खाऊ घेऊन ठेवा. शाकाहारी मंडळींनी सूपबाबत सावध राहावे: भाज्या किंवा पॅनकेकचे तुकडे दिसले तरी पाणी बऱ्याचदा गोमांसाचे असते. 'श्पेक' म्हणजे डुकराचे मांस, सॅलडमध्येही येते. केझश्पेट्सले, म्हणजे चीज घातलेल्या कणकेच्या गोळ्या, आणि जर्दाळू भरलेले मारिलेनक्न्योडेल यांवर पोट भरते. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. 'काइन ट्रिंकवासर' लिहिले असेल तिथे बाटली भरू नका.

बारा वर्षांखालील मुलांना ऑस्ट्रियात हेल्मेट सक्तीचे आहे, आमच्या सहलीत सर्वांनाच. आपत्कालीन क्रमांक ११२. शेंगेन व्हिसासाठी अर्ज ऑस्ट्रियाकडे करा, कारण जर्मनीत आपला मुक्काम फक्त एक रात्र आहे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

सायकल व्हिएन्नाच्या हॉटेलात जमा करायची. पंप, कुलूप, चार्जर आणि किल्ली मोजून द्या. सर्वांत जास्त हरवते ती किल्ली: पॅन्टच्या खिशातून ती थेट मुंबईला येते, आणि तिकडे कुलूप कापावे लागते.