दर 7 वर्षांनी शरीर पूर्ण नवे होते का?

"दर 7 वर्षांनी शरीरातली प्रत्येक पेशी बदलते आणि आपण पूर्ण नवे होतो" हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. पण सगळ्या पेशींचे वेळापत्रक एक नाही.

नवी पेशी जुन्या पेशीच्या विभाजनातून येते आणि त्याआधी डीएनएची प्रत निघावी लागते. आतड्याच्या अस्तरात हे अखंड चालते; ते काही दिवसांतच बदलते. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस टिकतात. मेंदूच्या बाह्यकातल्या (बाहेरच्या थरातल्या) चेतापेशी मात्र विभागतच नाहीत.

पेशींचे वय तपासण्याची पद्धत मला फार सुंदर वाटते. 1963पर्यंत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) जवळपास दुप्पट झाला, मग हळूहळू घटला. तो वनस्पतींतून, अन्नातून शरीरात येतो. प्रत निघते त्या काळचा कार्बन डीएनएच्या नव्या धाग्यात बसतो आणि तिथेच राहतो. डीएनएतले कार्बन-14चे प्रमाण कोणत्या वर्षीच्या हवेशी जुळते ते पाहून पेशी साधारण कधी जन्मली ते काढता येते. बाह्यकातल्या चेतापेशी माणसाच्याच वयाच्या निघाल्या. हृदयाच्या स्नायूपेशी तरुणपणी वर्षाला जेमतेम 1 टक्का बदलतात, उतारवयात त्याहून कमी. आयुष्यभरात निम्म्याहून अधिक मूळच्याच राहतात.