ॲजाइल प्रकल्पातील कामाचा अंदाज

ॲजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करत आणि योजना वेळोवेळी सुधारत चालणाऱ्या सॉफ्टवेअर प्रकल्पात एखादे काम केवढे आहे, हे ते हाती घेण्याआधी ठरवण्याची रीत. अंदाज बांधतात ते प्रत्यक्ष काम करणारेच आणि बहुतेक टीम तो तासांत किंवा दिवसांत न सांगता ‘स्टोरी पॉइंट’मध्ये सांगतात. पॉइंट सापेक्ष असतो. टीमने पूर्वी केलेले, सर्वांना नीट आठवणारे एक काम मापासाठी धरायचे आणि नवे काम त्याच्या दुप्पट की निमपट, एवढेच ठरवायचे.

याआधीच्या पद्धतींचा भर संपूर्ण प्रकल्पाचा आकार सुरुवातीलाच मोजण्यावर होता. ॲलन अल्ब्रेख्ट यांनी 1979 मध्ये फंक्शन पॉइंट, म्हणजे सॉफ्टवेअर काय काय करते त्यावरून त्याचा आकार मोजण्याचे एकक, मांडले आणि 1981 मध्ये बॅरी बोएम यांचे ‘कोकोमो’ हे श्रम आणि खर्च काढण्याचे गणिती प्रारूप आले. प्रकल्प नुसता कल्पनेत असताना केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पावपट निघू शकतो, हेही बोएम यांनीच दाखवून दिले. काम पुढे सरकते, माहिती वाढते, तशी ही तफावत आटत जाते. म्हणून ॲजाइलमध्ये अंदाज एकदाच बांधून थांबत नाहीत. जवळच्या कामांचा बारकाईने, लांबच्यांचा ढोबळ, आणि दर स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक मुदतीच्या छोट्या टप्प्यात, पुन्हा, असा तो चालतो.

पॉइंटचा उगम 1990 च्या दशकातील एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या ॲजाइल पद्धतीत सापडतो. तिथे आधी ‘आदर्श दिवस’ मोजत, म्हणजे कुणी मध्ये न येता सलग काम करायला मिळाले तर लागणारे दिवस. प्रत्यक्षात असे दिवस मिळत नाहीत. तीन दिवसांचे काम नऊ दिवस का चालले आहे, या प्रश्नाला उत्तर देता देता दिवस हा शब्दच सोडून दिला गेला आणि नुसते पॉइंट उरले. या बदलाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या रॉन जेफ्रीज यांनी पुढे पॉइंटच्या गैरवापराबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली.

अंदाज बांधण्याची सर्वांत रुळलेली रीत म्हणजे प्लॅनिंग पोकर. जेम्स ग्रेनिंग यांनी ती 2002 मध्ये मांडली आणि माइक कोन यांच्या 2005 च्या पुस्तकातून ती सर्वत्र पोहोचली. प्रत्येकाकडे 1, 2, 3, 5, 8, 13, 20, 40, 100 असे आकडे असलेली पाने असतात. काम वाचून, शंका विचारून झाल्या की सगळ्यांनी आपापले पान एकाच वेळी उघडायचे. हे एकाच वेळी उघडणे फार महत्त्वाचे आहे. नाहीतर अनुभवी माणसाने उच्चारलेल्या आकड्याभोवतीच बाकीचे घुटमळतात. आकड्यांमधली अंतरेही मुद्दाम वाढती ठेवली आहेत, कारण मोठ्या कामाबाबत 21 आणि 22 मधला फरक कुणालाच कळत नसतो.

खरी कमाई आकडे जुळत नाहीत तेव्हा होते. समजा, ‘पासवर्ड बदलण्याची सोय’ या कामाला एका डेव्हलपरने 2 दिले आणि टेस्टरने 13. डेव्हलपरच्या डोळ्यांसमोर एक फॉर्म असतो; टेस्टरच्या डोक्यात दुसऱ्या उपकरणांवर चालू असलेली लॉगिन, मुदत संपलेली लिंक, न पोहोचलेला ईमेल. दोघे बोलतात आणि न लिहिलेली निम्मी गरज तिथेच उघडी पडते. नंतर आकडा 8 ठरो की काम दोन भागांत तोडले जावो, ती चर्चा वाया जात नाही. माहिती फारच तोकडी असेल तर आकडा न देता ‘स्पाइक’ घेतात, म्हणजे ठरावीक वेळेत फक्त शोध घेण्याचे काम.

एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या पॉइंटची बेरीज म्हणजे व्हेलॉसिटी. मागच्या चार स्प्रिंटमध्ये 22, 27, 20, 25 पॉइंट झाले असतील आणि बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, 180 उरले असतील, तर अजून सात ते नऊ स्प्रिंट लागतील असे म्हणता येते. अशी कक्षा सांगणे एकच तारीख सांगण्यापेक्षा प्रामाणिक आहे.

बिघाड होतो तो व्हेलॉसिटीला उद्दिष्ट केल्यावर. दोन टीमची व्हेलॉसिटी शेजारी ठेवून तुलना सुरू झाली, की कालचे 3 चे काम आज 5 चे होते. आकडे चढतात, काम तेवढेच राहते. अंदाज आणि वचन यांची गल्लतही तितकीच जुनी आहे. स्क्रम या ॲजाइल पद्धतीचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडच्या 2011 च्या आवृत्तीत स्प्रिंटमधील कामाबाबत ‘बांधिलकी’ऐवजी ‘पूर्वानुमान’ असा बदल झाला तो याच कारणाने महत्त्वाचा ठरतो. 2020 च्या आवृत्तीत आकार ठरवण्याची जबाबदारी काम करणाऱ्या डेव्हलपरांवर आहे, पण स्टोरी पॉइंटचा उल्लेखही नाही.

वुडी झुइल यांच्या नावाशी जोडलेली ‘नो एस्टिमेट्स’ चळवळ याही पुढे जाते. कामे लहान करा, किती पूर्ण होतात ते मोजा, पॉइंट नकोतच, असे तिचे समर्थक सांगतात. काही टीम त्यासाठी जुन्या नोंदींवर मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे संगणकावर यादृच्छिक निवडीने हजारो वेळा प्रयोग करून, शक्यता काढतात. पुरेशी आकडेवारी जमलेल्या स्थिर टीमला हे चांगले जमते. मात्र काम पुरेसे लहान झाले की नाही, हे ठरवताना त्याच्या आकाराचा अंदाज घ्यावाच लागतो.