बांधावरची भांडणं: शेजारी देशांतल्या युद्धाचं गणित

स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातली सरहद्द किती लांब आहे? स्पेनच्या दप्तरात 987 किलोमीटर, पोर्तुगालच्या दप्तरात 1214. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांचंही तसंच. एकाच रेषेची लांबी एक जण 380 सांगायचा, दुसरा 449. यात कोणी कोणाची जमीन लाटलेली नव्हती. फरक होता तो मोजपट्टीचा. पट्टी जितकी लहान, तितकी नदीची आणि डोंगराची वळणं जास्त पकडली जातात आणि एकूण लांबी वाढत जाते. आपल्याकडे अलीकडेच भारताचा समुद्रकिनारा 7516.6 किलोमीटरवरून 11,098.81 किलोमीटर झाला, तोही असाच. कोकणात नव्या खाड्या फुटल्या नाहीत, फक्त मोजणीचा नकाशा बारीक झाला.

सरहद्दींचा हा घोळ पहिल्यांदा नीट मांडला तो लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने. त्याला खरं तर लांबीत रस नव्हता. दोन देशांत युद्ध होण्याचा संभव त्यांच्या सामाईक सरहद्दीशी जोडलेला असतो का, हे त्याला तपासायचं होतं.

रिचर्डसन हा क्वेकर पंथाचा, म्हणजे शस्त्र हाती न धरणारा. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सच्या आघाडीवर रुग्णवाहिका चालवत होता. हवेच्या हालचालींची समीकरणं सोडवून हवामानाचा अंदाज बांधता येईल, ही कल्पना नॉर्वेच्या विल्हेल्म बियर्कनेस याने आधी मांडली होती, पण ती प्रत्यक्ष आकड्यांनी करून पाहिली ती रिचर्डसनने. जखमींची ने-आण करताना मिळेल त्या वेळात त्याने 20 मे 1910 या एका दिवसाचा सहा तासांचा अंदाज हाताने आकडेमोड करून काढला. तो साफ चुकला, पण आजचे हवामान खात्याचे महासंगणक त्याच वाटेने चालतात. 1920 मध्ये ब्रिटनचं हवामान खातं हवाई मंत्रालयाच्या हाताखाली गेलं, तेव्हा त्याने नोकरी सोडली. वातावरणातल्या हवेच्या मिसळण्यावरचं आपलं संशोधन विषारी वायूवाल्यांच्या उपयोगाचं आहे असं दिसल्यावर त्या विषयालाही रामराम ठोकला. पुढे 1940 मध्ये पेझलीच्या महाविद्यालयाचं प्राचार्यपद सोडून त्याने उरलेलं आयुष्य एकाच प्रश्नाला दिलं: युद्धं मोजता येतात का?

युद्ध म्हणजे काय इथूनच सुरुवात होती. कोणी ज्याला बंड म्हणतो त्याला दुसरा स्वातंत्र्ययुद्ध म्हणतो. रिचर्डसनने नावं बाजूला ठेवली आणि फक्त मृतांचा आकडा धरला. भूकंपाच्या प्रतीसारखीच युद्धाची प्रत ठरवली: हजार मृत्यू तर 3, लाख तर 5, कोटी तर 7. साधारण 1820 पासून 1950 पर्यंतचे तीनशेहून जास्त संघर्ष त्याने या पट्टीवर बसवले. सातव्या प्रतीत फक्त दोन होते, दोन्ही महायुद्धं. आणि एकूण मृतांपैकी निम्म्याहून अधिक त्या दोघांतच गेलेले.

मग त्याने विचारलं, युद्धं ठरावीक अंतराने येतात का? अमुक पिढीनंतर लोक युद्धाची आठवण विसरतात आणि पुन्हा लढतात, असं काही चक्र आहे का? यासाठी त्याने क्विन्सी राइट या अमेरिकी अभ्यासकाची यादी घेतली. 1500 ते 1931 या 432 वर्षांत एकूण 299 युद्धं सुरू झाली होती. त्यातल्या 223 वर्षांत एकही युद्ध सुरू झालं नाही. 142 वर्षांत एक, 48 वर्षांत दोन, 15 वर्षांत तीन आणि 4 वर्षांत चार युद्धं सुरू झाली. आता समजा, युद्ध हा निव्वळ यदृच्छेचा खेळ आहे. दर वर्षी संभव सारखाच, आणि गेल्या वर्षी काय झालं याच्याशी या वर्षाचा काही संबंध नाही. पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्रात वर्षाला सुमारे 0.69 युद्धं ही सरासरी टाकली की उत्तर येतं 216, 150, 52, 12, 2. दोन्ही रांगा शेजारी ठेवून पाहा. याच सूत्राने त्याआधी प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने दर वर्षी किती सैनिक मरतात, याचा हिशोब बरोबर जुळवून दाखवला होता.

मला हे कोष्टक पहिल्यांदा पाहिल्यावर थोडं अपमानास्पद वाटलं होतं. एवढे राजे, एवढे तह, एवढी कारस्थानं, आणि बेरीज मात्र घोड्याच्या लाथांसारखी! पण याचा अर्थ युद्धांना कारणं नसतात असा होत नाही. प्रत्येक युद्धाला कारण असतं. मात्र ती कारणं इतकी वेगवेगळी आणि एकमेकांशी असंबद्ध असतात की सगळ्या जगाकडे एकत्र पाहिलं तर त्यांच्या वेळापत्रकात लय सापडत नाही.

म्हणून 'आता बरीच वर्षं झाली, युद्ध होणारच' या वाक्याला काही आधार नाही. भारत आणि पाकिस्तान 1947, 1965, 1971 आणि 1999 मध्ये लढले. मधली अंतरं 18, 6 आणि 28 वर्षांची. यातून चक्र शोधून काढणारे विश्लेषक टीव्हीवर पुष्कळ भेटतात. त्यांच्यात आणि पंचांगवाल्यांत फरक एवढाच की पंचांगवाल्याकडे निदान गणित असतं. उलट बाजूही तितकीच खरी. बरीच वर्षं शांतता आहे म्हणून ती टिकेलच, हेही आकडे सांगत नाहीत. एखाद्या सरहद्दीवर युद्धाचा संभव वर्षाला फक्त 2 टक्के धरला, तरी तीस वर्षांत एकदा तरी युद्ध होण्याचा संभव 45 टक्क्यांवर जातो.

1945 नंतर बड्या सत्ता थेट एकमेकांशी लढल्या नाहीत, म्हणून माणूस शहाणा झाला असं काहींचं मत आहे. अॅरन क्लॉसेट या अभ्यासकाने 2018 मध्ये 1823 ते 2003 मधली देशादेशांतली 95 युद्धं तपासली. निष्कर्ष असा की अशी लांब शांतता जुन्या आकडेवारीतही सहज बसते. काहीतरी मुळातून बदललंय असं ठामपणे म्हणायला ती आणखी 100 ते 140 वर्षं टिकायला हवी. मला स्वतःला हा निष्कर्ष जरा जास्तच कडक वाटतो, कारण सगळं जग एका पिशवीत घालून हलवलं की आतले बदल झाकले जातात.

कधी लढतील याला लय नाही, पण कोण लढतील याला नक्की आहे. रिचर्डसनला दिसलं की ज्या देशाला शेजारी जास्त, त्याच्या वाट्याला युद्धंही जास्त. शस्त्रस्पर्धेची समीकरणं त्याने स्वतःच मांडली होती, पण त्याच्या यादीतल्या फार थोड्या युद्धांआधी तशी स्पर्धा सापडली. भाषा एक असली तर लोक कमी भांडतात, असंही सर्वसाधारणपणे दिसलं नाही. शेजार मात्र ठळकपणे उमटला.

गावात राहिलेल्याला याचं नवल वाटणार नाही. कोर्टातले दावे लांबच्या माणसाशी नसतात. ते शेजारच्या शेतकऱ्याशी आणि बहुतेक वेळा सख्ख्या भावाशी असतात. तिथेही सगळे शेजारी भांडत नाहीत. ज्यांचा बांध मोजणीत पक्का झालाय ते एकमेकांच्या विहिरीचं पाणी घेतात, आणि ज्यांचा झालेला नाही ते दर पेरणीला बांध कोरतात.

नंतरच्या संशोधकांना देशांबद्दलही हेच आढळलं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात 1963 पासून डेव्हिड सिंगर यांनी युद्धांची एक मोठी नोंदवही सुरू केली. तिच्या आधारे जॉन व्हास्केझ आदींनी दाखवलं की व्यापार, विचारसरणी किंवा कोणाचं सरकार यांवरून झालेल्या वादांपेक्षा जमिनीवरून झालेले वाद युद्धापर्यंत जास्त वेळा पोचतात. शिवाय थोड्याच जोड्या पुन्हा पुन्हा लढतात. म्हणजे शेजार हे कारण नसून संधी आहे, आणि अनिर्णित जमीन त्या संधीचं कारण करते.

याच नोंदवहीत युद्ध म्हणून जागा मिळवायला लढाईत किमान हजार मृत्यू लागतात. कारगिल या व्याख्येत युद्ध ठरतं. मे 2025 मधला भारत-पाकिस्तान संघर्ष, क्षेपणास्त्रं आणि ड्रोन असूनही, तिथवर पोचत नाही. कारगिल अभ्यासकांना दुसऱ्या कारणाने छळतं. दोन्ही देशांनी मे 1998 मध्ये अणुचाचण्या केल्या होत्या, दोन्हीकडे निवडून आलेली सरकारं होती, आणि वर्षभरातच लढाई पेटली. लोकशाह्या एकमेकींशी लढत नाहीत आणि अण्वस्त्रधारी तर नाहीतच, या दोन्ही समजुतींना एकाच डोंगराळ पट्ट्यात तडा गेला. अण्वस्त्रं मोठं युद्ध रोखतात, पण 'समोरचा फार वाढवणार नाही' या भरवशावर छोट्या कुरापतींना मोकळीकही देतात.

शांतता आणि युद्ध यांच्यामधल्या पायऱ्या किती महत्त्वाच्या असतात ते चीनच्या सीमेवर दिसतं. भारत तिची लांबी 3488 किलोमीटर सांगतो, चीन 2000 च्या आसपास. ही तफावत काही मोजपट्टीची नाही. तिथे ताबारेषेजवळ बंदूक न चालवण्याचा करार 1996 पासून आहे. 15 जून 2020 च्या रात्री गलवानमध्ये 20 भारतीय जवान गेले, पण दोन्ही बाजू दगड, दांडे आणि खिळे ठोकलेल्या काठ्यांनी लढल्या. करार तुटायला आला होता, तरी त्याने लढाईची प्रत खालीच ठेवली.

मग बांध पक्का झाला तर काय होतं? चीन आणि सोव्हिएत संघ 1969 मध्ये उसुरी नदीतल्या एका बेटावरून गोळीबारापर्यंत गेले होते, दोघंही अण्वस्त्रधारी असताना. 1991 आणि 2004 च्या करारांनी आणि 2008 मध्ये पूर्ण झालेल्या आखणीने चीन-रशिया सरहद्दीचा वाद मिटला. आज त्या सरहद्दीवरून युद्धाची गोष्ट कोणी करत नाही. भारत आणि बांगलादेश यांच्यात 162 छिटमहल होते, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेले दुसऱ्याचे तुकडे. 2015 मध्ये ते अदलाबदल करून संपवले गेले. त्याआधीच्या वर्षी समुद्रातल्या वादात आंतरराष्ट्रीय लवादाने 25,602 पैकी 19,467 चौरस किलोमीटर बांगलादेशला दिले आणि भारताने निकाल मानला. दोन्ही देशांचे संबंध पुढे बिघडलेही, पण भांडणाच्या यादीतून जमिनीचा मोठा भाग गेलेला आहे.

याउलट थायलंड आणि कंबोडिया. दोघंही आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचे सदस्य, दोघांत व्यापार भरपूर. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचांनी काढलेल्या नकाशांवरून त्यांचं डोंगरातल्या देवळांसाठी भांडण आहे. प्रीह विहियर देवळाचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1962 मध्येच दिला, आजूबाजूची बरीच रेषा मात्र तशीच राहिली. जुलै 2025 मध्ये तिथे पाच दिवस तोफा चालल्या आणि लाखो लोकांना घरं सोडावी लागली.

भारत आणि पाकिस्तान यांच्यातला सगळ्यात सोपा बांध कच्छमध्ये आहे. सर क्रीक ही साधारण 96 किलोमीटरची दलदलीची खाडी. सीमा खाडीच्या मधोमध मानायची की पूर्वेच्या काठावर, एवढाच वाद. तिथे वस्ती नाही. पण खाडीची रेषा ठरत नाही तोवर पुढची सागरी सीमा ठरत नाही, आणि पाण्यावर तर खूणच नसते. त्यामुळे गुजरातचे आणि आपल्या पालघरचे मच्छीमार पकडले जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात, पाकिस्तानचे इकडे. 2007 मध्ये दोन्ही देशांनी या भागाची संयुक्त मोजणी केली आणि आपापले नकाशेही एकमेकांना दिले. सही मात्र अजून झालेली नाही. 2 ऑक्टोबर 2025 रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी भुजमध्ये जाहीरपणे बजावलं की कराचीला जाणारा एक रस्ता याच खाडीतून जातो.