मे महिन्यातली विहीर, जुलैतली विहीर

गोराईला माझ्या मावशीच्या वाडीत जुनी विहीर आहे. गेल्या मे महिन्यात पाणी फारच मचूळ लागायला लागलं, डाळ शिजेना, म्हणून तिने एका फिल्टरवाल्याला बोलावलं. मी तेव्हा तिथेच होते. त्याने टेबलावर दोन काचेचे ग्लास ठेवले, एकात विहिरीचं पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या आरओ मशीनचं, म्हणजे अतिशय बारीक पडद्यातून दाबाने गाळून क्षार काढलेलं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवल्या आणि प्लग लावला. मिनिटाभरात विहिरीच्या ग्लासात हिरवट काळा गाळ उठला, मग तो तपकिरी झाला. मशीनच्या पाण्याला जेमतेम रंग चढला. ‘‘बघा मावशी, तुम्ही हे पिता,’’ तो म्हणाला. मावशीचा चेहरा पार उतरला. चाळीस वर्षं तिने घरच्यांना हेच पाणी पाजलं होतं.

तो गाळ विहिरीचा नव्हताच, तो कांडीचा होता. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंडाची कांडी झिजते आणि सुटलेल्या लोहाचा गंज होऊन तरंगतो. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी उरतात, वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. मी त्याला विचारून चिमूटभर मीठ त्याच्या ग्लासात टाकलं आणि पुन्हा प्लग लावायला सांगितलं. तेही पाणी तपकिरी झालं. असं प्रात्यक्षिक दाखवून घाबरवणं मला चुकीचं वाटतं, कारण त्या भीतीत खरा प्रश्न बाजूला राहतो: या विहिरीच्या पाण्यात नक्की काय आहे?

किनाऱ्याजवळच्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं पाणी किंचित हलकं, म्हणून ते वर राहतं. ढोबळ हिशेब असा, की भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं. आता पंप लावून ती पातळी अर्धा मीटर उतरवा. खालचं खारं पाणी हळूहळू २० मीटर वर सरकू पाहतं! मुंबईच्या बेसाल्ट खडकात भेगांप्रमाणे हा हिशेब थोडा बदलतो, पण तत्त्व तेच. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ साली खोदलेली, समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोड. तिथून मोठे पंप लावून दिवसभर उपसा केला असता तर काय झालं असतं, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

म्हणून मे महिन्यात पाणी मचूळ लागतं. जुलैत पावसाचं पाणी मुरतं, क्षार पातळ होतात, चव सुधारते. सगळे म्हणतात, विहीर गोड झाली. पण तेच मुरणारं पाणी वाटेत शोषखड्ड्यातून, गोठ्यातून आणि तुंबलेल्या गटारातून जंतू घेऊन येतं. म्हणजे जिभेला आणि टीडीएस मीटरला पाणी सर्वात चांगलं वाटतं, तेव्हाच ते सर्वात धोकादायक असू शकतं. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत.

त्यामुळे मशीन नंतर, तपासणी आधी, आणि तीही दोनदा: एकदा मेमध्ये, एकदा भर पावसात. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणावी, घरची धुतलेली चालत नाही. भरताना तोंडाला आतून बोट लागू देऊ नये, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी. रिपोर्टमध्ये बघायचं ते असं. भारतीय मानकाप्रमाणे टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, २०० पर्यंत, पर्याय नसेल तर ६००. नायट्रेट ४५ च्या वर नको, त्यात कसलीही सूट नाही. आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही नको.

नायट्रेटबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे आपली जुनी सवय उलटते. पाणी उकळलं की जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. घरात बाटलीने दूध पिणारं तान्हं बाळ असेल, तर असं पाणी उकळून त्यात दुधाची पावडर कालवणं घातक ठरू शकतं. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते.

रिपोर्ट हातात आला की निवड बरीच सोपी होते. क्षार मर्यादेत आणि फक्त जंतू असतील तर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, पुरेसा आहे, मात्र पाणी नितळ हवं, कारण गढूळपणाच्या आड जंतू लपतात आणि किरण त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. यूएफची, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची, चाळणी जंतू अडवते, मीठ अडवत नाही. क्षार किंवा नायट्रेट जास्त असेल तरच आरओ. बादलीत काढलेलं नितळ पाणी तासाभरात पिवळसर होत असेल, तर ते लोह. ते आधी हवा देऊन आणि गाळून काढावं लागतं, नाहीतर आरओचा पडदा लवकर चोंदतो. गीझरमध्ये खडे जमतात म्हणून सॉफ्टनर, म्हणजे जडपणा काढणारं यंत्र, बसवायचा असेल तर बसवा, पण तो कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो आणि जंतूंना हातही लावत नाही.

मावशीच्या रिपोर्टमध्ये मेमध्ये टीडीएस आणि जडपणा दोन्ही मर्यादेबाहेर निघाले, आणि जुलैत ई-कोलाय. म्हणून स्वयंपाकघरापुरता आरओ आणि त्यापुढे यूव्ही घेतला, आंघोळीला आणि भांड्यांना विहीर तशीच. विहिरीचा कठडा उंच केला, तोंडावर जाळी टाकली, आणि शोषखड्ड्याकडून येणारा पावसाचा ओघळ दुसरीकडे वळवला. माझ्या मते या कामाचा उपयोग मशीनपेक्षा कमी नाही.

आरओ लिटरभर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ते खारट पाणी मावशी एका पिंपात धरते. त्यावर लादी पुसली जाते, उरलेलं माडांना जातं, कारण माडाला थोडा खारेपणा सोसतो. टीडीएस मीटरलाही आता खरं काम मिळालंय. महिन्यातून एकदा ती मशीनमध्ये जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. दोन आकडे जवळ यायला लागले, की पडदा बदलायचा.