काचबिंदू (ग्रामीण विदर्भ)

काचबिंदू हा डोळ्यामागच्या ऑप्टिक नर्व्हचा (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नजरेच्या नसेचा) आजार आहे. डोळ्यात सतत तयार होणारा द्रव कॉर्निया (डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा) आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) यांच्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर पडतो. ही वाट चोंदली की आतला दाब वाढतो आणि नर्व्हचे तंतू मरत जातात. हा दाब एरवी १० ते २१ मि.मी. पारा असतो, मात्र काहींची नर्व्ह त्या मर्यादेतही खराब होते, म्हणून नुसत्या दाबावर निदान करू नये. गेलेली नजर परत येत नाही, उपचार उरलेली राखण्यासाठी असतात.

खेड्यांत हा आजार मोतीबिंदूच्या आड लपतो. साठीतल्या माणसाला कमी दिसू लागले की 'मोत्या पिकू द्या' म्हणून घरचे थांबतात. काचबिंदू असेल तर तेवढ्यात नर्व्ह जाते; नसला, तरी पिकून फुगलेला मोतीबिंदू स्वतःच कोन बंद करून दाब चढवू शकतो. उघड्या कोनाच्या प्रकारात (कोन मोकळा, पण द्रव नीट निघत नाही) डोळा दुखत नाही. आधी बाजूची नजर जाते, समोरचा तक्ता बराच काळ नीट वाचता येतो. धुऱ्यावरून पाय चुकणे, बाजूने आलेली मोटारसायकल न दिसणे याला लोक म्हातारपण म्हणतात.

कोन अचानक बंद झाला तर चित्र वेगळे असते : एका डोळ्यात असह्य कळा, त्याच बाजूचे डोके दुखणे, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी. मे महिन्यात याला 'ऊन लागले' समजून सलाईन लावले जाते आणि डोळा कोणी पाहतच नाही. डोळा लाल, कॉर्निया धुरकट, बाहुली अर्धवट फाकलेली व टॉर्चला न आकसणारी, मिटलेल्या पापणीवरून डोळा गोटीसारखा कडक लागणारा, असे असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पोचवावे. अॅसिटाझोलामाइड, टिमोलॉलचे थेंब, गरजेप्रमाणे शिरेतून मॅनिटॉल ही औषधे देऊन दाब उतरवतात, मग लेसरने आयरिसला छिद्र पाडतात. दुसऱ्या डोळ्यालाही तोच धोका असल्याने तिथेही बहुधा छिद्र करावे लागते.

पूर्व विदर्भात आणखी एक खबरदारी हवी. पऱ्हाटीची काडी किंवा बैलाचे शिंग लागून डोळ्यात रक्त साचले, तर आधी त्या भागात आढळणाऱ्या सिकलसेलची (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) विचारणा करावी. रुग्ण आणि वाहक दोघांतही थोड्या वाढलेल्या दाबाने नर्व्ह जाऊ शकते, आणि अॅसिटाझोलामाइडने लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा धोका वाढतो.

बाहुली फाकवणारे थेंब टाकण्यापूर्वी कानाच्या बाजूने टॉर्च आडवी धरावी. नाकाकडचा आयरिस सावलीत राहिला तर कोन अरुंद असू शकतो. थेंब टाकू नयेत, पुढे पाठवावे. शिऑट्झ टोनोमीटरने (डोळ्यावर टेकवून दाब मोजायच्या उपकरणाने) दाब मोजताना पापणी उघडणारे बोट डोळ्यावर दाबले गेले तर दाब खोटा जास्त येतो. डोळ्याच्या आत पाहिल्यावर नर्व्हच्या तोंडाशी दिसणारा खड्डा त्या तोंडाच्या रुंदीच्या ०.६ पेक्षा मोठा, किंवा दोन डोळ्यांत ०.२ चा फरक असेल तर गोनिओस्कोपी (कोनाची तपासणी) आणि फील्ड टेस्टसाठी (बाजूच्या नजरेची तपासणी) नागपूर, सेवाग्राम, अकोला यांसारख्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना आणि चाळिशीपुढच्या मुलांनाही तपासून घ्यावे.

रोजच्या उपचारात दाब उतरवणारे लॅटानोप्रोस्ट रात्री एक थेंब, किंवा टिमोलॉल दिवसातून दोनदा. दमा वा मंद नाडी असेल तर टिमोलॉल नको. खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबावा, दुसरे औषध पाच मिनिटांनी. न उघडलेले लॅटानोप्रोस्ट बहुधा फ्रिजमध्ये ठेवावे लागते. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालते. विदर्भाच्या ४५ अंशांत ते खिशात किंवा डिक्कीत राहता कामा नये. फ्रिज नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे, दुसरे औषध देता येते. थेंबाने 'फरक पडत नाही' म्हणून बाटली संपल्यावर नवी न आणणे ही सर्वांत मोठी अडचण. फरक दिसायचाच नसतो, हे पहिल्याच भेटीत सांगितलेले बरे.

थेंबांनी भागले नाही तर ट्रॅबेक्युलेक्टॉमी या शस्त्रक्रियेने द्रवाला नवी वाट करून देतात. त्यानंतर डोळा कधीही, वर्षांनीसुद्धा, लाल होऊन दुखू लागला तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी दाखवावे. अशा वेळी, किंवा डोळ्याच्या साध्या खाजेलाही, मेडिकलमधून चिठ्ठीविना घेतलेले स्टिरॉइडचे थेंब घालू नयेत. लाली लगेच उतरते, पण काहींचा दाब काही आठवड्यांत चढतो, मुलांचाही.