एमटूचा खांब पिशवीवर: स्क्रीन प्रिंट की डीटीएफ?

टोकियोच्या सेतागाया भागातली एमटू ही जपानी वास्तुविशारद केंगो कुमा यांची १९९१ सालची इमारत. मधोमध ग्रीक धाटणीचा राक्षसी आयोनिक खांब, तोही पोकळ. लिफ्ट त्याच्या पोटात. माझदा या मोटार कंपनीसाठी बांधलेल्या या वास्तूत पुढे अंत्यविधी होऊ लागले. जुन्या शैली थट्टेनं वापरणाऱ्या जपानी उत्तराधुनिक वास्तुकलेचा असा चावट नमुना टोट बॅगेवर शोभणारच. पण खांबाच्या उभ्या पन्हळी आणि माथ्यावरची वेटोळी छपाईवाल्याचा घाम काढतात.

स्क्रीन प्रिंट म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई कापडावर ढकलणं; डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) म्हणजे आधी फिल्मवर छापून मग ते चित्र उष्णतेनं कापडावर चिकटवणं. प्लास्टिसोल या प्लास्टिकयुक्त शाईचं स्क्रीन प्रिंट आणि डीटीएफ, दोन्ही बोटाला रबरी लागतात. म्हणून एकाच्या नावावर दुसरं सहज खपतं. भिंग लावून बघा: डीटीएफमध्ये करड्या सावलीच्या जागी बारीक ठिपके विखुरलेले दिसतात आणि रंगाच्या कडेला कधीकधी खालच्या पांढऱ्या थराची किनार डोकावते. स्क्रीन प्रिंटचा रंग सलग, आणि सावली ठिपक्यांची असलीच तर ते ओळीत बसलेले.

डीटीएफमध्ये फिल्मवर रंग, त्यावर पांढरा थर, त्यावर गोंदाची पूड, मग हीट प्रेसखाली साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसला १०-१५ सेकंद. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेघेवर पूड पुरेशी बसत नाही; पन्हळी आधी कडेने उचलतात, धुण्यात निघून जातात. कॅनव्हास जाडाभरडा असेल तर विणीच्या खळग्यांत गोंद पोचत नाही, म्हणून दाब वाढवावा लागतो.

स्क्रीनचं दुखणं उलटं. इंचाला ११० धाग्यांची जाळी भरपूर शाई सोडते आणि शेजारच्या पन्हळी एक होऊन खांब गुळगुळीत दिसतो. १६०च्या आसपासची जाळी घ्या, आणि चित्रातच रेघ ०.५ तर मधली फट ०.८ मिलिमीटर ठेवा, कारण शाई थोडी पसरतेच. १० औंसी (चौरस यार्डाला १० औंस वजनाचा) कॅनव्हास उष्णता आणि ओल दोन्ही धरून ठेवतो. त्यामुळे वरून सुकलेली शाई तळाशी कच्ची राहू शकते. थर पूर्ण १६० अंशांपर्यंत तापायला हवा. थंड झाल्यावर छाप हलकेच ताणा. तडे गेले तर कच्ची आहे, पिशवी पुन्हा तापवा.

एका रंगात ५० पिशव्या असतील तर आम्ही डोळे मिटून स्क्रीन घेऊ. संध्याकाळच्या उजेडातला रंगीत फोटो आणि पिशव्या पाचच असतील तर डीटीएफ. रंगागणिक वेगळी फ्रेम करत कोण बसणार? इस्त्री मात्र दोन्हींवर थेट नको, पिशवी उलटी करूनच.